गाडीला चारही चाकांची ताकद आहे, मग बर्फात टायर बदलायचे कशाला?

ऑक्टोबर लागला की टोरंटो, शिकागो, मिनियापोलिसकडच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चकली-चिवड्याच्या ऑर्डरींच्या मध्येच एक प्रश्न हमखास टपकतो : "पहिलाच विंटर आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घेऊ, की आहे त्याच गाडीला स्नो टायर लावू?"

मग उत्तरं सुरू होतात. कुणी म्हणतं, "डोळे झाकून ऑल-व्हील घे, दहा वर्षं चालवतोय, काही झालं नाही." कुणी म्हणतं, "टायर घे, बाकी सगळं मार्केटिंग." शोरूममधला सेल्समन अर्थातच पहिल्याच्या बाजूने असतो, कारण त्याला गाडी विकायची असते, टायर नाही.

मंडळी, भारतातून गेलेल्या माणसासाठी हा प्रश्न खरंच अवघड आहे. आपण पंधरा वर्षं गाडी चालवलेली असते, कशेडी घाट पावसात उतरलेला असतो, पण बर्फावर ब्रेक दाबल्यावर काय होतं हे आपल्या पायाला माहीत नसतं. आणि ते कळतं ते बहुतेक वेळा चौकातल्या सिग्नलवर, पुढच्या गाडीचे लाल दिवे जवळ जवळ येत असताना.

आधी हे ऑल-व्हील ड्राइव्ह करतं काय?

साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये ती पुढच्या दोन चाकांना जाते. ही झाली फ्रंट-व्हील ड्राइव्ह. मागची चाकं नुसती ओढली जातात. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये ही ताकद चारही चाकांपर्यंत पोहोचते. एक चाक बर्फात गरगरायला लागलं, तर ज्या चाकाला पकड आहे तिकडे ताकद वळवली जाते. त्यामुळे बर्फात रुतलेली गाडी निघते, चढावर गाडी चढते, सिग्नल सुटल्यावर चाकं न फिरवता पुढे जाते.

ही सगळी कामं कसली आहेत बघा. निघणं, चढणं, वेग घेणं. म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय असतानाची कामं.

ब्रेक दाबला की इंजिनाची ताकद कुठल्या चाकाला जाते याला फारसा अर्थच उरत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, स्वस्तातल्या हॅचबॅकलाही आणि महागड्या एसयूव्हीलाही. थांबवण्याच्या बाबतीत ऑल-व्हील ड्राइव्हवाल्याकडे एकही जादा चाक नाही. वळणाचंही बरंचसं तसंच. गाडी वेगात वळणावर शिरली आणि पुढच्या टायरची पकड सुटली, की चारही चाकांना ताकद मिळत असो वा नसो, गाडी सरळच जाते.

कोकणातलं शेवाळलेलं अंगण आठवा. श्रावणात त्यावरून झिजलेली रबरी चप्पल घालून पळालात तर पायात ताकद किती आहे याने काही फरक पडत नाही. उलट जितके जोरात पळाल तितके जोरात आपटाल. तिथे कामाला येतो तो चपलेचा तळ. गाडीचंही तेच. तिचा रस्त्याशी संबंध येतो तो चार ठिकाणी, आणि त्यातली प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते.

थोडा हिशेब

गाडी थांबायला किती अंतर लागेल हे दोन गोष्टींवर ठरतं : वेग, आणि टायर व रस्त्यामधलं घर्षण. शाळेत शिकलेला घर्षणांक इथे उपयोगाला येतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो साधारण ०.७ ते ०.८ असतो. दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ वर येतो. आणि काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही खाली.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी घ्या. ०.८ घर्षणांक असेल तर ब्रेक लागल्यापासून ती सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. ०.१ असेल तर सुमारे ९८ मीटर लागतात! यात ड्रायव्हरला कळून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही.

आता खरा मुद्दा. समजा दाबलेल्या बर्फावर एका गाडीच्या टायरना ०.२ इतकी पकड मिळतेय आणि दुसरीच्या टायरना ०.३. (आकडे हिशेबासाठी घेतलेत. टायर, तापमान आणि बर्फ यांनुसार ते बदलतात.) पहिली थांबायला सुमारे ४९ मीटर घेईल, दुसरी सुमारे ३३. फरक १६ मीटरचा, म्हणजे तीन-साडेतीन गाड्यांची लांबी. पण दुसरी गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्या जागेवरून जाताना पहिलीचा वेग किती असेल? अजून ताशी २९ किलोमीटर. त्या जागी शाळेसमोरचं झेब्रा क्रॉसिंग असेल, तर या दोन टायरमधला फरक म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

या संपूर्ण हिशेबात ऑल-व्हील ड्राइव्ह कुठेच आलं नाही. ते येतं चढावाच्या हिशेबात.

चढ चढली, पण उतरणार कशी?

इथे मात्र ऑल-व्हील ड्राइव्हला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. फ्रंट-व्हील गाडीचं जेमतेम ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं आणि चढावर तेही थोडं मागे सरकतं. म्हणजे चढण्यासाठी गाडीच्या निम्म्या-अधिक वजनाचीच पकड वापरता येते. ऑल-व्हील गाडी सगळंच्या सगळं वजन वापरते. त्यामुळे साध्या टायरवरची ऑल-व्हील गाडी एखादा असा चढ चढून जाईल, जिथे स्नो टायर लावलेली फ्रंट-व्हील गाडीही अडकेल. हे खरं आहे, आणि "मला काही झालं नाही" म्हणणाऱ्यांचा अनुभव इथूनच येतो.

पण त्याच चढावर वरून खाली येताना काय होतं? घर्षणांक ०.२ असेल तर चारही चाकांच्या ताकदीने गाडी फार तर १०० मीटरला २० मीटर उंची गाठणारा चढ चढू शकते. आणि गंमत म्हणजे, त्याच उतारावर चारही ब्रेक पूर्ण दाबले तरी गाडीचा वेग कमी होत नाही! उताराची ओढ आणि टायरची पकड दोन्ही सारख्याच होतात. गाडी ज्या वेगाने उतरतेय त्याच वेगाने घसरत राहते. म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह तुम्हाला अशा जागी नेऊन ठेवू शकतं, जिथून खाली येताना थांबायची सोय नसते.

दुसरी गोष्ट मनाची आहे. फ्रंट-व्हील गाडी सकाळी पार्किंगमधून निघतानाच चाकं फिरवून सांगते, "बाबा रे, आज रस्ता निसरडा आहे, हळू." ऑल-व्हील गाडी शहाण्यासारखी निघून जाते आणि तुम्हाला वाटतं रस्ता ठीक आहे. तो ठीक नाही हे पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर कळतं.

स्नो टायरमध्ये वेगळं काय असतं?

हल्ली याला स्नो टायरपेक्षा विंटर टायर म्हणतात, आणि ते नाव जास्त योग्य आहे. कारण या टायरचा संबंध बर्फाइतकाच थंडीशी आहे. टायरचं रबर थंडीत कडक होतं. उन्हाळी टायर तर गोठणबिंदूच्या खाली जवळजवळ प्लास्टिकसारखे वागतात. विंटर टायरच्या रबराचं मिश्रण असं असतं की थंडीतही ते मऊ राहतं आणि रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागाला धरून राहतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान राहायला लागलं की विंटर टायर लावा, असं म्हणतात ते यामुळेच.

दुसरा फरक नक्षीचा. या टायरच्या खाचा खोल असतात आणि रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा पाडलेल्या असतात. चाक फिरताना या चिरा उघडतात, त्यांच्या असंख्य कडा बर्फाला चावतात. खोल खाचांमध्ये बर्फ दाबून भरला जातो. आपल्याला वाटतं खाचेत बर्फ अडकला म्हणजे टायर वाया गेला, पण भुसभुशीत बर्फावर बर्फच बर्फाला चांगला धरतो. बर्फाचा गोळा हातात दाबल्यावर कसा घट्ट चिकटून बसतो, तसंच.

(मराठीत आपण आकाशातून पडणाऱ्या कापसालाही बर्फ म्हणतो आणि फ्रीजमधल्या खड्यालाही. गाडी चालवणाऱ्याने मात्र हे दोन वेगळे समजावेत. भुसभुशीत बर्फावर विंटर टायरचा फायदा प्रचंड. गुळगुळीत बर्फावरही फायदा आहे, पण तिथे तुम्ही कुठलाही टायर लावा, वेग कमी करण्याला पर्याय नाही. त्यातही तापमान शून्याच्या आसपास असताना बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो, तेव्हा तो सगळ्यात निसरडा.)

खिळे ठोकलेले टायर हा तिसरा प्रकार. काचेसारख्या बर्फावर त्यांना तोड नाही, पण ते रस्ते खरवडतात. म्हणून जर्मनीत त्यांना बंदी आहे, आणि कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात फक्त उत्तर भागातल्या रहिवाशांना परवानगी आहे.

विंटर टायर हे फिनलंडचं अपत्य. आज नोकियन टायर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९३४ मध्ये ट्रकसाठी पहिला विंटर टायर काढला आणि १९३६ मध्ये गाड्यांसाठी 'हाकापेलिटा' नावाची मालिका सुरू केली, जी आजही विकली जाते. फिनलंडचा विषय निघालाच आहे तर ऑडीची ती प्रसिद्ध जाहिरात आठवते. १९८६ मध्ये ऑडीची क्वाट्रो, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी, फिनलंडमधल्या स्की-जंपच्या उभ्या उतारावर खालून वर चढताना दाखवली होती. २००५ मध्ये कंपनीने हाच पराक्रम ए-६ गाडी घेऊन पुन्हा केला. चारही चाकांची ताकद दाखवणारीच जाहिरात होती, पण गाडीला टायर मात्र खिळ्यांचे होते!

टायरवरची खूण बघायला शिका

अमेरिकेत किंवा कॅनडात घेतलेल्या बहुतेक गाड्यांना 'ऑल-सीझन' टायर येतात. नाव ऐकून वाटतं बारा महिने चालतील. प्रत्यक्षात ते ऊन, पाऊस आणि थोडीफार थंडी यांसाठीची तडजोड आहेत. त्यांच्यावर 'एम' आणि 'एस' ही अक्षरं असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. पण ही अक्षरं नक्षीच्या रचनेवरून दिली जातात, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही.

बघायची खूण वेगळी आहे : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. ही मिळवण्यासाठी टायरला बर्फावरच्या चाचणीत उत्तीर्ण व्हावं लागतं. अर्थात ही खूणही सर्वस्व नाही. अमेरिकेतल्या पद्धतीत दाबलेल्या बर्फावर पुढे खेचण्याची पकड मोजली जाते, काचेसारख्या बर्फावर थांबण्याची नाही. पण किमान पात्रता म्हणून ती हवीच.

आणि एक तिसरा पर्याय, ज्याच्या नावाने हमखास गोंधळ होतो : 'ऑल-वेदर'. हे ऑल-सीझन नव्हेत. यांच्यावर डोंगर-हिमकणाची खूण असते आणि ते वर्षभर ठेवता येतात. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या, चार जादा टायर ठेवायला जागा नसणाऱ्या माणसासाठी हा चांगला मधला मार्ग आहे. कडक हिवाळ्यात ते खऱ्या विंटर टायरची बरोबरी करत नाहीत, पण न्यू जर्सीसारख्या ठिकाणी, जिथे बर्फ पडतो, रस्ते लवकर साफ होतात आणि चार दिवसांनी सगळं वितळतं, तिथे बहुतेकांना ते पुरतात.

कायदा काय म्हणतो?

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. गाडी ऑल-व्हील असली तरी सूट नाही. ही सक्ती २००८ मध्ये आली. शेजारच्या ऑन्टारियोत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना विंटर टायर लावणाऱ्यांना सवलत द्यावीच लागते. टोरंटोत राहणाऱ्यांनी ही सवलत मागून घ्यावी, आपणहून कुणी आठवण करून देईलच असं नाही. ब्रिटिश कोलंबियात ठरलेल्या महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून नियम लागू होतो आणि तिथे 'एम' व 'एस' अक्षरांचे टायरही चालतात, फक्त खाचांची खोली किमान ३.५ मिलिमीटर हवी.

जर्मनीत हिवाळी रस्त्यांवर विंटर टायर लागतातच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फक्त डोंगर-हिमकणाची खूणच ग्राह्य धरली जाते.

अमेरिकेत मात्र राज्यागणिक वेगळी तऱ्हा. कोलोरॅडोत डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या आय-७० महामार्गावर हिवाळी नियमात ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी चालते, पण टायरची नक्षी किमान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास, शिल्लक हवी. 'ऑल-व्हील असेल तर जाऊ देतात' एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, पुढची अट विसरली जाते. गोटा झालेल्या टायरवर चारही चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय, सारखंच.

मग पैसे कुठे घालायचे?

गाडी आधीच आहे आणि ती फ्रंट-व्हील आहे, तर उत्तर सोपं आहे : चार विंटर टायर घ्या. चार म्हणजे चारच. पैसे वाचवायला फक्त पुढे दोन लावण्याचा मोह होतो, पण मग पुढची चाकं रस्त्याला धरतात, मागची सुटतात आणि वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते. ही सगळ्यात धोकादायक काटकसर.

खर्च वाटतो तेवढा नसतो. विंटर टायर वापरात असताना तुमचे उन्हाळी टायर गॅरेजमध्ये विश्रांती घेत असतात, म्हणजे तेही जास्त वर्षं टिकतात. टायरसोबत साध्या लोखंडी रिम घेतल्या तर दर सहा महिन्यांनी टायर रिमवरून काढ-घाल करायचा खर्च वाचतो. जुने टायर घेत असाल तर टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा : ४०२१ म्हणजे २०२१ सालचा ४० वा आठवडा. खाचा चार मिलिमीटरहून कमी उरल्या असतील तर तो विंटर टायर नावापुरताच.

नवी गाडी घ्यायची आहे आणि बजेट ठरलेलं आहे? मग शोरूममध्ये ऑल-व्हील ड्राइव्हसाठी जे जास्तीचे पैसे मागतील, त्यातला बराचसा भाग टायरना पुरेल. शिवाय ऑल-व्हील गाडी जड असते, थोडं जास्त इंधन खाते आणि तिचे चारही टायर साधारण सारखे झिजलेले ठेवावे लागतात. एक फाटला तर कधी कधी चार बदलावे लागतात. शहरात साफ केलेल्या रस्त्यांवर ये-जा असेल, तर फ्रंट-व्हील आणि चांगले विंटर टायर या जोडीत काही कमी पडत नाही.

तुमचं घर टेकडीवर असेल, गल्लीत बर्फ काढणारी गाडी दुपारी येत असेल आणि तुम्हाला पहाटे सहाच्या शिफ्टला हॉस्पिटलमध्ये पोहोचायचं असेल, तर ऑल-व्हील घ्या. बिनधास्त घ्या. पण टायरचे पैसे बाजूला ठेवून मगच घ्या. दोन्ही परवडत असेल तर दोन्ही, एकच परवडत असेल तर टायर. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही हेच लागू. दोन मोटरवाली इलेक्ट्रिक गाडी चारही चाकांवर झपकन निघते, पण बॅटरीमुळे वजन भरपूर असतं, आणि तेवढं वजन थांबवायचं काम त्या चार टायरनाच करावं लागतं.

जाता जाता हवेचं बघा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा सुमारे १ पीएसआयने कमी होते. सप्टेंबरमध्ये भरलेली हवा जानेवारीत पुरत नाही.

आणि मनालीचं काय?

विंटर टायर भारतात सहज मिळत नाहीत, त्यामुळे पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन सोलंग आणि अटल बोगद्याकडे निघालेल्यांपुढे निवड वेगळी असते : फोर-बाय-फोर की साखळ्या? बर्फ पडला की प्रशासन बरेचदा फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतं. आणि दर हिवाळ्यात तेच रील आपल्या फोनवर येतात. दणकट एसयूव्ही, चारही चाकं लॉक, आणि गाडी आरामात, अगदी सावकाश, उतारावरून खाली घसरतेय. खाली कमेंट : "फोर-बाय-फोर असून?"

वरचा उताराचा हिशेब वाचला असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. (एक तर थार दिसली म्हणजे ती फोर-बाय-फोरच असते असंही नाही. २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळते.) उन्हाळी रबराच्या टायरवर फोर-बाय-फोर तुम्हाला वर नेईल. खाली आणताना साखळी लागेल, कारण तिच्या कड्या बर्फात रुततात आणि ब्रेक लागल्यावरही धरून ठेवतात. दोनच साखळ्या असतील तर ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांना लावतात, पण फ्रंट-व्हील गाडीत मागची चाकं मोकळी राहतात, म्हणून उतारावर विशेष जपावं लागतं. साखळी लावून वेग ताशी ५० च्या आत ठेवायचा आणि कोरडा रस्ता लागला की ती काढायची. एकदा तरी घरच्या पार्किंगमध्ये ती लावून-काढून बघा. बर्फात, हातमोजे घालून, मागे हॉर्न वाजत असताना पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नव्हे.